नंदू तोरसकरांची हजेरी

नंदू तोरसकरांचं निम्मं आयुष्य एका खुर्चीत गेलं. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर बिऱ्हाड दहिसरच्या चाळीत आलं आणि नंदू उपनगरातल्या एका आपत्कालीन कक्षात वायरलेसवर चिकटले. तेव्हा टेबलावर तीन सेट असत. एक आगवाल्यांचा, एक पोलिसांचा, एक रुग्णवाहिकांचा. एकाचं दुसऱ्याला ऐकू जायचं नाही; मधे नंदू. इकडचं ऐकायचं, तिकडे सांगायचं.

रोज सकाळी आठला ते हजेरी घेत. एकेका ठिकाणाचं नाव घेऊन हाक मारायची, तिकडून माणसाचा आवाज आला की वहीत खूण करायची. घरी बायकोची, विमलाताईंची, जपमाळ आणि इथे आपली ही, असं ते म्हणत.

मग सगळ्या खात्यांना मिळून एकच वायरलेस आला. तीन सेट गेले, एक सेट आणि एक पडदा आला. आता सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येऊ लागलं. खाडीपलीकडच्या गावांतल्या दोनचार कोळ्यांनाही हातातले सेट मिळाले. साहेबीण दीप्ती मॅडम, वयाने नंदूंच्या लेकीएवढ्या, चांगल्या शब्दांतच म्हणाल्या की काका, हिरवा ठिपका दिसला की सेट चालू, मग हजेरी कशाला. शेजारच्या टेबलावरचा केयूर मात्र म्हणायचा, काकांना पूजा आटोपल्याशिवाय चहा उतरत नाही.

महिनाभर नंदूंनी हजेरी चालवली. मग एके दिवशी सोडली. रागाने नाही. गुडघे दुखत होते, घसा बसला होता, निवृत्तीला आठ महिने उरले होते. आपण मधे नसलो तरी चालतं, हे ज्याला रोज दिसतं तो माणूस आतून थकतो.

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार होता. घरी विमलाताईंनी घट मांडला होता आणि येताना वेणी आणायला बजावलं होतं. दुपारी सव्वादोनला सेटवर खाडीपलीकडच्या मनोरीचा कोळी हरेश्वर बोलला. त्याची बायको मंजुळा सुकी मासळी भरता भरता कोसळली होती. तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात लुळा पडला होता. रस्त्याने फार मोठा वळसा. खाडी ओलांडून अलीकडे मार्वेच्या धक्क्याला आणायचं तर दहा मिनिटं, पण फेरीबोट दुरुस्तीला गेलेली. कोणीतरी या, एवढंच तो म्हणाला.

लागोपाठ तीन आवाज आले. मेसेज मिळाला. मेसेज मिळाला. मेसेज मिळाला.

नंदूंचा हात बटणापर्यंत गेला होता. पूर्वी त्यांनी लगेच विचारलं असतं, निघतंय कोण? पण तिघांनी ऐकलं होतं. म्हाताऱ्याने मधे कशाला तोंड घालावं? त्यांनी हात मागे घेतला आणि चहाचा ग्लास उचलला.

पंचवीस मिनिटांनी हरेश्वर पुन्हा बोलला. आवाज चढलेला नव्हता.

"कोण येतंय ते तरी सांगा. ओहोटी लागली. माझी होडी आता चिखलात बसली."

नंदू उठून उभेच राहिले. नाव घेऊन एकेकाला विचारू लागले. पोलिसांच्या लाँचवाल्यांना वाटलं होतं, आगवाल्यांची बोट गेली. आगवाल्यांना वाटलं, लाँच जवळ आहे, तीच गेली. रुग्णवाहिका आपल्या जागेवरच उभी, पेशंट अलीकडे आला की कळवतील म्हणून. खोटं कोणीच बोललं नव्हतं. मेसेज सगळ्यांना मिळाला होता.

पुढचा तासभर नंदू बसले नाहीत. लाँच निघाली का, कुठे पोचली, गाडी धक्क्यावर लागली का, दर दोन मिनिटांनी नावानिशी विचारत राहिले. मंजुळा इस्पितळात पोचली. देवाच्या कृपेने जीव वाचला. उजव्या हातात मात्र बळ परत आलं नाही.

पंधरा दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, नारळ आणि प्रसाद घेऊन नंदू मनोरीला गेले. मंजुळाने डाव्या हाताने चहा पुढे केला. थोडा बशीत सांडला. हरेश्वर बराच वेळ जाळं नीट करत बसला होता.

"तिघं 'मेसेज मिळाला' बोलले, म्हणून मी थांबलो," तो म्हणाला. "एक पण बोलला नसता ना काका, तर मी माझी होडी काढली असती. तेव्हा पाणी होतं."

"मी पण ऐकत होतो, हरेश्वर."

हरेश्वरने दुसरी बशी आणून त्यांच्यासमोर ठेवली, एवढंच.

घरी नंदू भिंतीला टेकून बसून राहिले. "जेवक बसा आधी," विमलाताई म्हणाल्या. मग सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी गेल्या गणपतीची आठवण काढली. चाळीतल्या सगळ्या बायका जमल्या, मोदक झाले, ताट वाढलं आणि ऐन वेळी पाहिलं तर दूर्वाच नाहीत. प्रत्येकीला वाटलं, दुसरीने आणल्या. "तेव्हा देवाने सांभाळून घेतलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही उद्यापासून विचारा. कोण हसलं तर हसू दे."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता नंदूंनी जुनी वही काढली. झाल्या प्रकाराचं मॅडमना वाईट वाटलं असावं. काका, याला वरून परवानगी नाही, असं त्या हळूच म्हणाल्या. नंदू म्हणाले, लेखी नका देऊ, फक्त थांबवू नका.

एकेक ठिकाण आवाज देत गेलं. आता नंदू दोन गोष्टी विचारत: ऐकतंय कोण, आणि निरोप आला तर निघणार कोण. कोणी कंटाळून उत्तर देई, कोणी हसून. त्यांचा स्वतःचा आवाजही दमलेलाच होता. शेवटचं नाव मनोरी.

उत्तर आलं नाही. पडद्यावर ठिपका हिरवागार होता. नंदूंनी खूण केली नाही. पुन्हा हाक मारली आणि पेन हातात धरून थांबले.

खरखर झाली. मग एक जड, अडखळता बायकी आवाज आला.

"मनोरी. हरेश्वर... समुद्रात गेलाय. सेट माझ्याकडे. निघायला... शेजारचा परेश आहे. त्याची होडी पाण्यात आहे."

नंदूंनी सगळं सावकाश वहीत उतरवलं आणि मग खूण केली.