न्हाणीच्या भिंतीवरचं फूल

मोताळ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक भिंत आहे, तिच्या पलीकडे न्हाणी. बांधणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नसावं. कोणी आंघोळ केली की ओल इकडे येते आणि पाहुण्याची नजर आधी त्या डागावर जाते. मला ती नजर सहन होत नसे. तसबीर लावायला खिळा ठोकावा, तर गिलावा भसाभस खाली. म्हणून ठरवलं, जुन्या लग्नपत्रिका कापून भिंतीवरच मोठं फूल चिकटवायचं. मोबाईलवर पाहिलं होतं. टाकाऊतून टिकाऊ, माझ्या चिकट स्वभावाला याहून काय हवं!

पत्रिकांचं गठुडं माळ्यावर होतं, सासूबाईंचं. त्या देऊळगाव राजाला बहिणीकडे गेल्या होत्या. विचारायला हवं होतं. पण ज्यांची लग्नं होऊन पोरं शाळेत गेली त्यांच्या पत्रिकांचं काय विचारायचं, असं म्हणून मी ते उतरवलं. मैद्याची खळ शिजवली आणि चार-चार पत्रिका एकावर एक ठेवून पाकळ्या कापत गेले.

एका लाल पत्रिकेच्या घडीत पांढरं, पातळ कार्ड होतं. कापल्यावरच दिसलं. काळी शाई, कोपऱ्यात फोटो. तेरवीचं, कोणी गेल्यावर तेराव्या दिवसाचं. आमच्याकडे तेरवीचं कार्ड वाचलं की लगेच फाडतात, घरात ठेवत नाहीत. आधी रागच आला, असलं कोणी जपून ठेवलं? मग वाटलं, फाडायचंच असतं ना, मग कापलं तर काय बिघडलं? फुलाच्या मध्यभागी पांढरा रंग हवाच होता. छापलेली बाजू भिंतीकडे करून मी त्या पाच पाकळ्या चिकटवून टाकल्या. कार्ड कोणाचं ते पाहिलं नाही. खरं सांगायचं तर पाहायचं टाळलं.

सासूबाई आल्या, फुलासमोर उभ्या राहिल्या. "लय साजरं झालं वं. कायचं केलं?"

"माळ्यावरच्या पत्रिकांचं, आई."

त्या फुलाजवळ सरकल्या. "त्याच्यात एक पांढरी व्हती. लाल पत्रिकेत घातली व्हती मी. तिले तं नाई कापलं न?"

मी बोटानं मधल्या पाकळ्या दाखवल्या.

माझी नणंद माझ्या लग्नाआधीच, विसाव्या वर्षी तापानं गेली, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं आता कळलं. सासऱ्यांनी तिचे कपडे, वह्या, फोटो, सगळं नळगंगा नदीत सोडलं होतं. घरात तिचं नावही निघत नसे. तिचा एकच फोटो उरला होता, त्या कार्डावरचा.

"सारे म्हने, फाडा," सासूबाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या. "मी नाई फाडली. तिच्या मैत्रिणीच्या पत्रिकेत ठेवली. तिचं लगन नाई झालं, तं लग्नाच्या पत्रिकाइतच राहू दे म्हनलं."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. ओल्या फडक्यानं एक पाकळी सोडवायला गेले, तर कागदाचा पापुद्राच हातात आला. त्यांनी माझं मनगट धरलं. "राहू दे. दुसऱ्यांदा नोको फाडू तिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याची आंघोळ झाली, ओल आली आणि पांढऱ्या पाकळीतून एक डोळा वर आला. कागद भिजला की मागचं दिसतं, एवढी साधी गोष्ट. पण मी हातातली बशी ठेवून जवळ गेले. डोळा, भुवई, गालाचा तुकडा. शेजारच्या पाकळीत हनुवटी. मी नणंदेला कधीच पाहिलं नव्हतं, आणि तो डोळा हुबेहूब माझ्या नवऱ्याचा. दुपारी भिंत वाळली तशी ती गेली. तेव्हापासून त्या खोलीत मी भिंतीकडे पाठ करून बसत नाही.

आमच्याकडे नळ दहा दिवसांनी येतो. एक लोटा जास्त सांडला तरी सासूबाई मला बोलायच्या. एका दुपारी घरात कोणाची आंघोळ नसताना न्हाणीत पाण्याचा आवाज आला. डोकावले, तर सासूबाई लोट्या-लोट्यानं भिंतीवर पाणी टाकत होत्या. मग पदराला हात पुसत पुढच्या खोलीत येऊन बसल्या, वाट पाहत. 

नवरा म्हणाला, गवंडी बोलावतो, ओल कायमची बंद करू. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "फूल खराब होईल," मी म्हटलं, आणि विषय मिटवला.

पण पाणी कागदाला सोडतं का? प्रत्येक वेळी तिला पाहायचं म्हणजे तिला थोडं विरघळवायचं. आधी हनुवटी गेली, मग गाल. सासूबाईंना हे कळतं. मी एकदा म्हटलंही, "आई, कमी टाकत जा." त्या म्हणाल्या, "वाळली राह्यली तं दिसत नाई न वं."

आता त्यांचे गुडघे धरतात, म्हणून पाणी मी टाकते. त्या बाहेर बसतात आणि "आली" म्हणतात, मग मी थांबते.

काल मी आतून विचारलं, "आली का?" आणखी दोन लोटे टाकून पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "टाक अजून थोडं."

बादली रिकामी झाली होती आणि नळाला अजून चार दिवस होते. मी स्वयंपाकघरात गेले आणि पिण्याच्या हंड्यात लोटा बुडवला.