काकांचा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, नवी कार्यालयं उघडली आणि मला तिथल्या एका कार्यालयात कॉम्प्युटर विभागात नोकरी लागली. नागपूरहून आले आणि समता कॉलनीत वरच्या मजल्यावर खोली घेतली. खाली घरमालक राहायचे. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, काकू अमरावतीकडच्या. मी यायच्या थोडं आधी काकांना अर्धांगवायू झाला होता. उजवा हात गेला, वाचाही गेली. 'हव' हा एकच शब्द जिभेवर राहिला. होकारालाही हव आणि रागालाही हवच.

मग पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाने कॉम्प्युटर घेऊन दिला. काका डाव्या हाताच्या एका बोटाने इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचे आणि काकू चष्मा लावून पडद्यावर वाचायच्या. भाजी काय करू, मुलाला फोनवर काय सांगू, सगळं तिथेच ठरायचं.

एका रविवारी सकाळी काकू धापा टाकत वर आल्या.

"खाली येऊन पाय ना बाई जरा. कॉम्प्युटर सुरूच होऊन नाही राहिला. हे कालपासून धड जेवलेबी नाहीत."

खाली गेले. काळ्या पडद्यावर इंग्रजीत चूक दाखवणारी एक ओळ, पुढे काही नाही. टेबलावर मासिकासोबत आलेली लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी मशीन चालवणाऱ्या दुसऱ्या प्रणालीची, सीडी पडली होती.

"काका, हे तुम्ही टाकलं?"

"हव." मान खाली.

"पण काहून?" काकू भडकल्या. "चांगलं चालून राहिलं होतं ना?"

काकांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. हव, हव, एवढंच बाहेर आलं. त्यांनी टेबलावर हात आपटला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मला काकूंना गप्प करावंसं वाटलं. पण त्यांचेही डोळे भरून आले होते.

माझ्याकडे एक सीडी होती, डिस्कला हात न लावता नुसत्या सीडीवरून मशीन चालवणारी. ती घातली. काकांच्या सगळ्या फाइली जागच्या जागी दिसल्या. पण लिनक्सचा कुठे पत्ताच नव्हता. टाकलं म्हणतात, मग गेलं कुठे? पुसलं का? अर्धवट राहिलं का? प्रत्येक प्रश्नाला हव. कागद-पेन्सिल दिली, तर डाव्या हाताची अक्षरं एकमेकांवर चढली.

मग माझ्या लक्षात आलं की माझ्या त्या सीडीत टाइप करायची सोयही आहे. कोरं पान उघडलं आणि कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. काका सावरून बसले. एकेक अक्षर उमटू लागलं.

'दुसरी डिस्क होती. पोराच्या जुन्या मशीनची. कपाटात ठेवली.'

"कपाटात?" काकूंनी विचारलं.

'तू गोल बाजारातून आली. भ्यालो.'

काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं.

"मले भेता तुम्ही?"

"हव," काका मोठ्याने म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो.

डिस्क स्वेटरांच्या खाली सापडली. काकांनी टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा उघडून ती बाहेरच ठेवून जोडली होती. लिनक्सने मशीन सुरू करायच्या सूचना निम्म्या आतल्या डिस्कवर लिहिल्या होत्या, निम्म्या या दुसऱ्या डिस्कवर. ती काढल्यावर मशीन अर्ध्यात अडकणारच. परत जोडली, तर पडद्यावर निवड आली: लिनक्स की विंडोज. विंडोज निवडलं आणि काकांचं नेहमीचं पान उघडलं.

"आता ते दुसरं काढूनच टाक," काकू मला म्हणाल्या.

काका घाईने टाइप करू लागले. बोट दोनदा चुकलं.

'राहू दे. आजारी पडलो तेव्हापासून सगळे माझं करतात. हे मी एकट्यानं केलं.'

काकूंनी ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग मला म्हणाल्या, "राहू दे मग. पण ती डिस्क आत नीट बसवून दे. बाहेर धूळ खाईल."

मी टेबलाखाली बसून, मशीन चालूच ठेवून, स्क्रू आवळत होते. वर टेबलाशी दोघांचं कालपासून राहिलेलं भांडण सुरू झालं होतं. काका टाइप करत होते आणि शब्द पुरा व्हायच्या आत काकू उत्तर देत होत्या.