वशराम मिस्त्रींचं रोजचं सूतक

वशराम मिस्त्री जिवंत आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या गावात कोण गेलं या मुद्द्यावर एकदा मोठा घोटाळा झाला होता, आणि तो घोटाळाच मला सांगायचा आहे.

मिस्त्री माझे शेजारी. आमच्या दोन अंगणांमध्ये कुंपण आहे ते जहाजाच्या कठड्याचं. गुजरातेतल्या अलंगच्या किनाऱ्यावर जहाजं मोडायला येतात आणि मोडली की आमच्या घरात राहायला येतात. माझ्या न्हाणीघराच्या दारावर कोरियन भाषेत काहीतरी लाल अक्षरांत लिहिलं आहे. ते 'धोका' असणार असं माझी बायको म्हणते, विशेषतः मी आत गायला लागलो की. पलीकडच्या लाभुमासींच्या ओसरीवर कप्तानाची गरगर फिरणारी खुर्ची आहे. तिच्यात बसून मासी सगळं गाव हाकतात. आणि गावातल्या निम्म्या कपाटांना हात लागलेला आहे तो वशराम मिस्त्रींचा.

ओधवजी शेठच्या वखारीत मिस्त्री सुतारकाम करतात. जहाजातल्या खोल्यांच्या भिंती तिथे पाट्यांच्या, म्हणजे मोठ्या सपाट फळ्यांच्या, रूपात येऊन पडतात. बाहेरून गुळगुळीत, आतला गाभा पांढरा. त्या कापायच्या आणि त्यांची कपाटं करायची. या पाट्यांना वाळवी लागत नाही आणि त्या जळतही नाहीत. मिस्त्रींचा त्यांच्यावर भारी जीव. गिऱ्हाइकासमोर ते काडी ओढून पाटीच्या कडेला धरायचे आणि सांगायचे, घर जळून गेलं तरी कपाट राहील. घर जळून गेल्यावर त्या कपाटात ठेवायचं काय, असं कोणीही विचारलं नाही.

संध्याकाळी मिस्त्री घरी येत ते पिठाच्या गिरणीत पडून उठल्यासारखे. मोंघीबेन दारातच त्यांचा सदरा उतरवून घेत आणि अंगणात नेऊन झटकत. मोंघीबेननी नवऱ्याबद्दल एक गोड शब्द काढलेला मी इतक्या वर्षांत ऐकला नाही. त्यांची जी काही माया होती ती त्या झटकण्यात होती. सदरा असा फडफडायचा की माझी कोंबडी घाबरून भिंतीवर चढायची. तिरप्या उन्हात पांढरा धुरळा चमकत तरंगायचा, आणि त्या धुरळ्यात उभ्या राहून मोंघीबेन शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या.

मग झवेरबेनचं दुखणं निघालं. झवेर ही नरशीची बायको, आणि नरशी हा मिस्त्रींचा जुना सोबती. ऐन उमेदीत तो जहाजांच्या इंजिनखोलीत नळांवरचं पांढरं वेष्टण ओरबाडून काढायचा. तो ठणठणीत होता. धाप लागत होती ती झवेरला. दवाखान्याच्या पायऱ्या पाहूनच नरशीला घाम फुटतो, म्हणून भावनगरला मिस्त्री बरोबर गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो पाहिला आणि विचारलं, या कुठे कामाला होत्या? कुठेच नाही, नरशी म्हणाला, हिने समुद्रसुद्धा कधी जवळून पाहिलेला नाही. बाईंनी नरशीच्या सदऱ्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, तुमचे कपडे घरी कोण झटकायचं?

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या वेष्टणात आणि त्या पाट्यांच्या गाभ्यात ॲस्बेस्टॉस असतं. कापलं, घासलं, ओरबाडलं की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात, श्वासाबरोबर छातीत जातात आणि तिथेच रुतून बसतात. वीस-तीस वर्षं काही कळत नाही. कपड्यांवरून ते घरी येतात, झटकणाऱ्याच्या छातीत जातात, आणि घरात लेकरू असलं तर त्याच्याही. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. खरं म्हणजे या पाट्या कापूच नयेत. कापल्याशिवाय सुटकाच नसेल तर आधी चिंब ओल्या कराव्यात, योग्य मुखवटा लावावा, आणि कामाचे कपडे कामावरच ठेवून, तिथेच अंघोळ करून घरी यावं.

त्याच आठवड्यात मिस्त्रींची लेक धर्मिष्ठा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती.

त्या संध्याकाळी मी अंगणातच होतो. मिस्त्री फाटकापाशी आले आणि थांबले. मोंघीबेन नेहमीसारख्या हात पुढे करून निघाल्या, तर मिस्त्री दोन पावलं मागे सरकले.

"मोंघी, तिथेच थांब. मला शिवू नको."

"का? कुणाला पोचवून आलात?"

"तसंच समज. बादली ठेव बाहेर आणि आत जा."

फाटकाजवळच्या नळाखाली मिस्त्री कपड्यांसकट बसले, डोक्यावरून पाणी घेतलं, कपडे ओल्यानेच उतरवून वेगळ्या बादलीत भिजवले, स्वतः धुतले आणि मगच घरात गेले. आमच्याकडे स्मशानातून आलेला माणूस हे असंच करतो, आणि तेव्हा त्याला कोणी शिवत नाही, हटकत नाही. वखारीत न्हायची सोय नव्हती आणि अंगावरची धूळ घरात जाऊ द्यायची नव्हती, म्हणून मिस्त्रींना जी तयार रीत सापडली ती ही. रीत उत्तम होती. फक्त ती रोज करायची नसते.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मोंघीबेनचा पारा चढला. घरात गर्भार लेक, आणि दिवेलागणीच्या वेळी घरधनी फाटकावर मढ्याची अंघोळ करतो, याला काय म्हणायचं? वर सदऱ्याला हातसुद्धा लावू देत नाही. स्वैपाकघरातून त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येई. इतक्या वर्षांत मी परकी कधी झाले ते तरी सांगा, असं त्या भांड्यांना विचारायच्या. मिस्त्री बाजरीचा रोटला मोडत राहायचे. झवेरचं दुखणं मोंघीला सांगायचं म्हणजे लग्नापासून झटकलेल्या सगळ्या सदऱ्यांचा हिशेब तिच्यापुढे मांडायचा, आणि तेवढी छाती त्यांना होत नव्हती.

वखारीतही त्यांची थट्टा चालली होती. ते पाटी भिजवून हातकरवतीने कापायचे, झाडू न मारता ओल्या फडक्याने जमीन पुसायचे, आणि तोंडावर डुकराच्या नाकासारखा मुखवटा. ओधवजी शेठ म्हणाले, मिस्त्री, तुम्ही कपाट करताय की कपाटाचं ऑपरेशन?

गावाने मात्र वेगळाच हिशेब केला. सलग आठ-दहा दिवस माणूस फाटकावर न्हातो, घरातलं कोणी कोणाशी बोलत नाही, म्हणजे नात्यातलं कोणीतरी गेलंय आणि लेक गर्भार म्हणून लपवून ठेवलंय. लाभुमासी खुर्चीतून उठल्या. शोकाच्या बाबतीत मासींच्या तोडीचं कोणी नाही. मेलेल्याचं त्या असं काही गुणगान करतात की पाहुण्यांना आपण चुकीच्या घरी आलो असं वाटतं. एका संध्याकाळी डोक्यावरून पदर ओढलेल्या दहा-बारा बायका घेऊन त्या मिस्त्रींच्या अंगणात शिरल्या, बसल्या आणि त्यांनी गळा काढला.

मिस्त्री नळाखाली, साबण लावलेले. मोंघीबेन हातात पळी घेऊन दारात. धर्मिष्ठा पोटावर हात ठेवून खिडकीत. आणि मी कुंपणापलीकडे उभा, मध्ये पडावं की चपला काढून रडायला बसावं या विचारात.

"मासी, कोण गेलं?" मोंघीबेननी विचारलं.

मासींचा हुंदका अर्ध्यावर थांबला. "ते तूच सांग ना बाई. आम्ही सगळ्यांसाठी रडतोय."

आता गप्प राहणं शक्यच नव्हतं. मिस्त्री तसेच ओलेते उभे राहिले आणि झवेरची सगळी गोष्ट त्यांनी सांगितली. नळावरचं वेष्टण, पाट्यांचा गाभा, तो धुरळा, डॉक्टरीणबाईंचा तो प्रश्न. बायकांचे पदर हळूहळू मागे सरकले. कोणी हसलं नाही. त्या बायकांपैकी निम्म्यांचे नवरे आणि मुलगे जहाजांवर नाहीतर वखारींत होते. खुद्द मासींचा मुलगा भुपत ओधवजी शेठकडेच पाट्या उचलायचा.

मोंघीबेन मात्र हातातल्या पळीकडे बघत होत्या.

"म्हणजे माझ्यापण छातीत गेलं असेल," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी हो म्हणून मान हलवली.

"आणि तुम्ही एवढे दिवस एकटेच घाबरत बसलात."

"तुला भीती वाटली असती."

"वाटली असती. मग दोघं मिळून घाबरलो असतो. बोलणंचालणं तर राहिलं असतं."

मिस्त्रींच्या डोळ्यांत साबण गेला होता. निदान ते तसं म्हणाले. आत गेलं ते गेलं, ते पुढे म्हणाले, ते काही मला काढता येणार नाही. पण जे बाळ येणार आहे त्याला मी पांढऱ्या हातांनी घेणार नाही. मोंघीबेननी पळी खाली ठेवली, नळावरचा तांब्या उचलला आणि नवऱ्याच्या डोक्यावरचा साबण धुवायला सुरुवात केली. बायकांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं, मासी सोडून.

मासी एकदा रडायला निघाल्या की रिकाम्या परत जात नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच सगळी मंडळी ओधवजी शेठच्या वखारीच्या दारात जाऊन बसली. या वेळी मोंघीबेन पुढे होत्या. राजकोटचं एक गिऱ्हाईक नुकतंच सोफ्यावर बसून बघत होतं. दारात रडारड सुरू झाल्यावर ते सोफ्यावरून उठलं आणि थेट गाडीत जाऊन बसलं.

शेठ धावत बाहेर आले. "मासी, अहो, मेलंय कोण?"

"अजून कोणी नाही," मासी म्हणाल्या. "म्हणून तर आत्ताच आलोय. नंतर तू ऐकायला वेळ काढणार नाहीस."

शेठ तसा वाईट माणूस नाही, फक्त त्याला कुठलीही गोष्ट गिऱ्हाईक परत गेल्यावरच कळते. त्याने पांढऱ्या गाभ्याची पाटी विकत घेणं बंद करायचं कबूल केलं. कोपऱ्यात पडलेली होती ती सरकारी माणसांना दाखवून, ओली करून, जाड पिशव्यांत बंद करून ठरलेल्या जागी पाठवली. कापायची म्हणजे साधी लाकडी पाटी. आणि मोंघीबेनच्या हट्टापायी कामगारांसाठी न्हाणीघर झालं. ते बांधावं लागलं नाही. एका ग्रीक जहाजाचं अख्खं न्हाणीघर वखारीत विकायला पडलंच होतं, आरशासकट. गिऱ्हाइकं अजून त्याचा भाव विचारतात. आतून भुपत ओरडतो की हे विकायचं नाही.

धर्मिष्ठाला मुलगी झाली. मोंघीबेन सुंठ घातलेलं काटलूं, म्हणजे बाळंतिणीची मिठाई, करून लेकीला भरवतात आणि उरलेलं आम्हाला देतात. तिखटपणामुळे डोळ्यांत पाणी येतं, पण नाही म्हणायची सोय नाही. भावनगरला त्यांच्या छातीचा फोटो काढून झाला. आज काही नाही, पण दरवर्षी यायचं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मिस्त्रींनाही तेच सांगितलं. आता दोघं मिळून जातात आणि येताना बेसनाचे गाठिये घेऊन येतात. झवेरबेन खाटेवरच असते. मिस्त्री तिच्याकडे जातात तेव्हा नरशीला जरा मोकळ्या हवेत पाठवतात आणि स्वतः तिला वाटीने पाणी पाजतात.

परवा संध्याकाळी मी कुंपणाशी होतो. मिस्त्री वखारीतून न्हाऊन, धुतलेला सदरा घालून आले. मोंघीबेननी सवयीने हात पुढे केला, सदरा घेतला, झटकायला वर उचलला आणि मध्येच थांबल्या. तो नाकाशी नेऊन हुंगला. शेठ साबण स्वस्तातला ठेवतो, असं म्हणून त्यांनी तो दोरीवर टाकला.

बाळ खाटेवर हातपाय मारत होतं. मिस्त्री त्याच्याकडे निघाले.

"थांबा," मोंघीबेन म्हणाल्या. "कानामागे बघू."

मिस्त्री खाली वाकले. मोंघीबेननी एक कान पुढे करून पाहिला, मग दुसरा. दोन्ही स्वच्छ होते, मला इथूनसुद्धा दिसत होते. तरी त्या बराच वेळ बघत राहिल्या, आणि मिस्त्रीही मान खाली घालून तसेच उभे राहिले.