आमच्या हिची महापालिका

मुंबईची महापालिका कशी चालते हे लहान पोरालाही कळेल असं सांगणारी एकच बाई होऊन गेली, ती भांडुपच्या डोंगरावर राहायची आणि माझी बायको होती. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, जन्म गिरणीच्या साचेखात्यात गेला. ही तर दुसरीतूनच उठली होती. पण आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं तेही महापालिकेचंच होतं. निवडणूक लागली होती. मतदानाला अजून आठवडा होता तरी हिचा हट्ट, "चला, खोली बघून येवया." ही तिची जुनी सवय. मतदानाच्या आधी शाळेत जाऊन कुठल्या खोलीत आपलं मत आहे ते बघून यायचं, दार कुठं, बाक कुठं, सगळं. मी म्हटलं, "अगो, आपण काय परीक्षेला बसतोय?" तर म्हणाली, "परीक्षा त्यांची. पण सुपरव्हायझर आपण ना?" गेलो. खोलीला कुलूप होतं. हिनं खिडकीतून आत बघितलं, पंखा आहे की नाही ते बघितलं आणि समाधानानं मान हलवली. येताना कडवे वाल घेतले.

आमच्या वस्तीला जायला रस्ता नाही, पायऱ्या आहेत. उभ्या, अरुंद, एका बाजूला भिंती आणि दुसऱ्या बाजूला सरळ गटार. त्या उतरायची आमची एक रीत होती. मी पुढं, ही मागं, आणि हिचा हात माझ्या डाव्या खांद्यावर. मधे एक पायरी हलती आहे. तिथं आलं की मी म्हणायचो, "हलती गो." मागून उत्तर यायचं, "म्हायत आसा." इतकी वर्षं तीच पायरी, तेच बोलणं. न सांगता उतरलो असतो तर रुसली असती.

त्या पायऱ्यांना कठडा पाहिजे, एवढं एकच मागणं हिनं आयुष्यभर सरकारकडं केलं. दुसरं काही नाही. नळ आला, वीज आली, ती आली तशी घेतली. कठडा मात्र हिला हवाच होता. डोंगरावरच्या म्हाताऱ्या पडतात, गरोदर बायका घसरतात, आजारी माणसाला खुर्चीत बसवून खाली न्यायचं तर चौघं आधी देवाचं नाव घेतात. "आणि माका न्हेतांना खांदेकरी पडले," ही म्हणायची, "तर पयली मीच पडतलंय. मेल्यावर आणि हात मोडून घ्यायचो काय?" असलं बोलून स्वतःच हसायची. मी रागवायचो. मला वाटायचं, पहिला नंबर माझाच.

कठड्यासाठी महापालिका समजून घेणं आलं, आणि हिनं ती आपल्या पद्धतीनं समजून घेतली. वस्तीत नवीन सून आली की तिला बसवून सांगायची. राज्य सरकार म्हणजे सासरा, ओटीवर बसून हुकूम सोडतो. आयुक्त म्हणजे सासू, सासऱ्यानंच बसवलेली, सगळ्या चाव्या तिच्या कमरेला. महापौर म्हणजे लग्नातला नवरदेव. खुर्ची मोठी, हार मोठा, फोटोत मधे तोच, पण पोट भरून जेवायचं तरी सासूला विचारून. स्थायी समिती म्हणजे स्वयंपाकघर, खर्च काय व्हायचा तो तिथं ठरतो. वॉर्ड ऑफिस म्हणजे नणंद. काही मागायला जा, "आईला विचारून सांगते." आणि नगरसेवक म्हणजे धाकटा दीर. घरात त्याचं कोणी फारसं ऐकत नाही, पण अडल्या वेळी दारात उभं राहून हाक मारायची तर त्यालाच. "म्हणान दीर बघून निवडायचो," ही म्हणायची. "बाकीचे आपल्याक विचारून येणत नाय."

सुनांना ते लगेच कळायचं.

वॉर्ड ऑफिसात हिची कीर्ती होती. शिपाई लांबून हिला बघून आत सांगायला जायचा. एकदा साहेबानं नकाशा काढून दाखवला, की काकी, वरच्या पायऱ्या कलेक्टरच्या जमिनीवर आहेत, खालच्या आमच्या. वर आम्हाला खांब पुरता येत नाही. हिनं नकाशा उलटा धरला, सुलटा धरला, आणि विचारलं, "सायब, पडणारो माणूस वरून सुटलो तर तो तुमच्या हद्दीत येऊन पडता ना? मगे तो कोणाचो?" साहेब चहा मागवून मोकळा झाला. चहा हिनं घेतला. बशीत ओतून सावकाश घेतला आणि येताना कप धुऊन ठेवला. ऑफिस नणंदेचं असलं तरी घर आपलंच ना, असं तिचं म्हणणं.

नगरसेवकांनी काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या वरच्या नाक्यावर एका पक्षाची कचेरी, खालच्या नाक्यावर दुसऱ्याची. एकदा वरच्या नाक्यावाला निवडून आला. हिनं कठडा मागितला, त्यानं पायऱ्यांच्या वरच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब रोवून वर आपल्या नावाचा फलक लावला, फलकाला हद्द आडवी आली नाही. पुढच्या वेळी खालच्या नाक्यावाला आला. त्यानं त्याच्याही खाली दोन खांब रोवून त्याहून मोठा फलक लावला. मी चिडलो. ही चिडली नाही. पहिला खांब धरून एक पायरी उतरली, मग दुसरा, मग तिसरा, चौथा, आणि वळून मला म्हणाली, "बघा. असे आणखी धा-बारा निवडून इले की कठडो पुरो झालो." तेव्हापासून ती फलकांच्या खांबांना धरून उतरायची आणि खांब संपले की माझा खांदा धरायची.

संक्रांतीला उमेदवारांची हळदीकुंकवं होतात. ही सगळ्यांच्या हळदीकुंकवाला जायची. वाण म्हणून स्टीलचे डबे मिळायचे, झाकणावर उमेदवाराचं नाव कोरलेलं. त्यामुळं आमच्या फळीवर सगळे पक्ष शेजारी शेजारी बसलेले. तांदळाला वरचा नाका, डाळीला खालचा, आणि मोहरीला एक अपक्ष, जो डिपॉझिट घालवून गावी गेला. रव्यात जाळी झाली की ही झाकणावरचं नाव मला मोठ्यानं वाचायला लावायची आणि म्हणायची, "दिसताच आसा." डबा सगळ्यांचा घ्यायचा, मत मात्र आपलं. ते कोणाला दिलं हे तिनं मला कधीही सांगितलं नाही. माझं विचारून घ्यायची, स्वतःचं नाही. मी एकदा फार मागं लागलो तर म्हणाली, "मत म्हणजे न्हाणीघर. एकट्यान जायचा, कडी घालायची." संपलं.

एका निवडणुकीला आमचा वॉर्ड सोडतीत बायकांसाठी राखीव झाला. झालं, दोन्ही नाक्यांवरच्या पुरुषांनी आपापल्या बायका उभ्या केल्या. पोस्टरवर बाई मोठी, कोपऱ्यात नवरा बारीक. वरच्या नाक्यावाल्याच्या हळदीकुंकवात ही उमेदवार बाईला कठड्याचं विचारत होती आणि उत्तर दर वेळी नवराच देत होता. हिनं ऐकून घेतलं, ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "तू गप रे. पोस्टरवर तुझो फोटो बारीक आसा मां? मगे आवाज पण बारीक कर. तिका बोलूंक दी." सगळ्या बायका हसल्या. ती उमेदवार बाईसुद्धा हसली, आणि मग पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं बोलली. काय बोलली तर, "काकी, तुम्ही एकदा मला त्या पायऱ्या दाखवा." ही खूश. ती बाई निवडणुकीत पडली ते सोडा.

मग ते दिवस आले की मुदत संपली आणि निवडणूकच होईना. नगरसेवक गेले, महापौर गेले, आयुक्त प्रशासक म्हणून सगळं बघायला लागले. वस्तीत कोणाला काही फरक पडला नाही, हिला पडला. "दीर गेलो, नवरदेव गेलो, घरात सासू एकटी," म्हणाली. "सासू वाईट नाय. पण ती डोंगर चढणा नाय, आणि तिच्या दारात आपल्याक भांडूंक गावणा नाय." तरी ही थांबते कुठं? जो शेवटचा नगरसेवक होता, खालच्या नाक्यावाला, त्याच्याच घरी जायची. तो बिचारा म्हणाला, "काकी, मी आता नगरसेवक नाही. माजी आहे." ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रे झिला, माझ्या घोवाची गिरण बंद पडली. म्हणान तो काय माझो माजी घोव झालो?"

मी बाजूलाच उभा होतो. त्या दिवशी पायऱ्या चढताना मला दम लागला नाही.

अशी वर्षं गेली. हिचे गुडघे गेले, माझं एका डोळ्याचं दिसणं गेलं. निवडणूक लागली तेव्हा हिला माहेरचं लग्न निघाल्यासारखा आनंद झाला. वॉर्ड पुन्हा बायकांसाठी राखीव. पुन्हा त्याच दोघी उभ्या, पुन्हा कोपऱ्यात तेच दोन नवरे, केस तेवढे पांढरे झालेले. हिनं ठरवून टाकलं, या वेळी मत तिलाच जी आधी पायऱ्या उतरून दाखवेल, तेही हातात पाण्याची भरलेली कळशी घेऊन.

शाळेची खोली बघून आलो त्या रात्री तिनं वाल भिजत घातले, दुसऱ्या दिवशी मोड आणायला फडक्यात बांधले, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं दारात बसून ते सोलत होतो. खालून प्रचाराचा भोंगा येत होता. "दोगांचीय गाणी सारखीच," ही म्हणाली. मग म्हणाली, "सोललेले झाकून ठेवा. सकाळी उसळ करतंय." ते तिचं शेवटचं बोलणं. सकाळी हाक मारली तर उठली नाही. झोपेतच गेली. डॉक्टर वर चढून आला, धापा टाकत, आणि नुसती मान हलवली.

बातमी दोन्ही नाक्यांवर एकदम पोचली. निवडणुकीचे दिवस, त्यामुळं वरच्या नाक्यावाला आणि खालच्या नाक्यावाला, दोघंही आपापली माणसं घेऊन वर आले. दोघांच्या हातात हार, दोघांच्या मागं फोटोवाला. गोरेगावहून मुलगी येऊन पोचली होती, ती रडत होती. बायकांनी हिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. तांदूळ हवे होते म्हणून शेजारणीनं फळीवरचा डबा आणला. झाकण काढून बाजूला ठेवलं तर वर वरच्या नाक्यावाल्याचं नाव. त्यानं ते वाचलं आणि मान खाली घातली. झाकलेले वाल फळीवर तसेच होते. तिकडं मी बघितलं नाही.

मुलगा नाही म्हणून मडकं मी धरणार होतो. खांद्याला माणसं पुढं होऊ लागली, वस्तीतलीच, नेहमीची. तेव्हा मी म्हटलं, थांबा. मला भाषण येत नाही. त्या दोघांना म्हटलं, "हार तिच्या पायाशी ठेवा. फोटो नको. पुढचे दोन खांदे तुम्ही द्या."

वरच्या नाक्यावाला म्हणाला, "काका, आमची पोरं आहेत ना, ती..."

"पोरं नको. तुम्ही. तुम्हालाच तिनं बोलावलं होतं इतकी वर्षं."

दोघांनी चपला काढल्या. एकमेकांशी वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं, एक उजवीकडं, एक डावीकडं. मागं वस्तीतले दोघं. मी मडकं घेऊन पुढं झालो.

फलकांचे खांब होते तोपर्यंत बरं चाललं. दोघंही एक हात मोकळा ठेवून आपापल्या नावाचा खांब धरत उतरले. मग खांब संपले. मागून मला त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. कोणाचा तरी पाय गटाराकडं सरकला, बायका वरून ओरडल्या. "धर, धर, माझ्या हाताला धर," खालच्या नाक्यावाला म्हणाला. वरच्या नाक्यावाल्यानं धरला. त्यांची पावलं जुळेपर्यंत मी थांबलो. वळून बघितलं नाही. डावा खांदा मोकळा होता, त्याला वारा लागत होता. मी पुढं, ती मागं, तसं रोजचंच होतं.

हलती पायरी आली.

"हलती गो," मी म्हटलं.

दोघांनी जपून पाय टाकला. मागून उत्तर आलं नाही. मी पुढची पायरी उतरलो.