भिंतीमागचे काका

अंबाजोगाईत नवीनच निघालेल्या सायबर कॅफेत आम्ही कॉलेजची पोरं दुपारी बंदुकांचा गेम खेळायचो. तिथं एक काका यायचे. आष्टीहून बदली होऊन आलेले, खोली करून एकटेच राहणारे. चपला काढून ते खुर्चीवर मांडी घालून बसत. डाव सुरू होण्याआधी आम्ही रोज वेगळी बंदूक निवडायचो. काका मात्र तीच जुनी, एकेक गोळीची बंदूक घेत आणि त्याच पडक्या भिंतीमागे जाऊन लपत.

"काका भिंतीमागं हायेत रे!" कुणीतरी ओरडायचं आणि सगळ्यांत आधी काकाच मरायचे. मेल्यावर खुशीत हसायचे.

एकदा मी म्हणालो, "काका, बंदूक बदला की. लगेच सापडता तुमी."

त्यांनी ऐकलं. बंदूक बदलली, जागाही बदलली. ते कुठं आहेत हे कुणालाच कळेना आणि डाव त्यांनीच जिंकला. मी टाळ्या वाजवल्या. काका पडद्याकडे बघत राहिले.

"आज कुणी 'काका' म्हणून वरडलंच न्हाई," ते हळूच म्हणाले. "दिवसभरात तेवढीच एक हाक यायची मला."

त्या दिवशी मी त्यांच्यासोबत खोलीपर्यंत चालत गेलो. दारातून वळताना मोठ्यानं हाक मारली, "काका, उद्या भिंतीमागंच लपा!"