सासरचा होकार

दवाखान्यातच राहून शिकायचं, असा तिथला नियम होता. म्हणजे जेवायचं तिथं, झोपायचं तिथं आणि बोलणी खायची तीही तिथंच. हैदराबादेत परीक्षा पास होऊन मी जालन्याच्या बायकांच्या दवाखान्यात बाळंतपणाचं काम शिकायला आले, तेव्हा राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई कमी बोलायच्या, पण बोलल्या की वर्मी लागायचं. "तुझा पारा थर्मामीटरात ठेव, तिथं त्याचा उपयोग आहे," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सुनावलं. झोंबलं, आणि हसूही आलं.

एका सकाळी अंबडच्या बाजूच्या खेड्यातून एक बैलगाडी आली. गाडीत कडब्यावर गोधडी टाकून निजवलेली एक पोरगी, पहिलटकरीण. सोबत आई, बाप आणि भाऊ. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून तिला सातव्या महिन्यात सासरहून आणलेली. कळा आदल्या दिवसापासून चालू होत्या आणि गावच्या सुईणीने हात टेकले होते. मोठ्या बाईंनी तपासलं, मग मला तपासायला लावलं. हाडाची वाट अरुंद होती, मुलाचं डोकं वरच अडकलं होतं. मी पोटावर लाकडी नळी टेकवून कान लावला. ठोके स्वच्छ ऐकू आले, भरभर, चांगले ठणठणीत.

"पोट उघडावं लागेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "दुपारच्या आत. मग दोघंही वाचतील."

मी तयारीला निघालेसुद्धा होते. तेवढ्यात बाप वाटेत आडवा आला. उंच, वाळलेला माणूस, डोक्याचं पागोटं काढून हातात धरलेलं.

"बाई, लेक दिलेली हाय. तिच्या अंगाला लोखंड लावायचं तर तिच्या घरच्यांला इचारायला पायजे. माझा हक्क न्हाई."

"अहो, तुम्ही बाप ना तिचे?"

"बाप हाय म्हणून तर म्हणून राह्यलो. उद्या ते म्हनले, आमची सून आमाला न इचारता कापली, तर मंग तिनं जावं कुठं?"

सासर वडीगोद्रीच्याही पलीकडे. अंबडपर्यंत मोटार, पुढे एखादी गाडी मिळाली तर गाडी, नाहीतर पाय. म्हणजे जाऊन उत्तर यायचं ते दुसऱ्या दिवशी. आता मोठ्या बाई या माणसाला फैलावर घेणार, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या एवढंच म्हणाल्या, "भावाला धाडा. ताबडतोब धाडा."

मी त्यांच्या मागोमाग मागच्या अंगणात गेले आणि भांडले. ती पोरगी माझं मनगट धरून स्वतःच्या तोंडाने म्हणाली होती, "कापा बाई, मी सांगून राह्यले ना, कापा. माझं लेकरू तेवढं द्या." मग आणखी कुणाचा होकार हवा? मोठ्या बाईंनी अंगणातल्या चुलीकडे हात केला. तिथे आमची हत्यारं उकळून देणारी बाई बसली होती.

"हिनेही असंच म्हटलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बापानेही हो म्हटलं होतं. मी कापलं. ती जगली, मूल जगलं. सासरच्यांनी मूल नेलं आणि पोट फाडलेली बाई नको म्हणून हिला इथंच टाकली. बापानेही मग दार लावून घेतलं. मी जीव वाचवते गं, पण घर कुठून देऊ?"

चुलीजवळच्या बाईला ऐकू गेलं असावं. ती खाली मान घालून जाळ फुंकत राहिली. राग होता तसाच राहिला, फक्त तो कुणावर काढावा ते कळेना.

सगळा दिवस मी तिच्या उशाशी होते. आई पाय चोळत होती. बाप फाटकापाशी अंबडच्या रस्त्याकडे तोंड करून उभा होता. मधूनमधून मी नळी लावायचे आणि दरवेळी ती विचारायची, "येतंय ना ऐकू?" येतंय म्हटलं की ती पुढची कळ ओठ आवळून सोसायची. दुपार कलली तसे ठोके मंदावले. मी सांगितल्यावर मोठ्या बाई स्वतः फाटकापर्यंत गेल्या. एवढ्या मानी बाई, त्यांनी त्या माणसापुढे हात जोडले. तुम्ही हो म्हणा, पुढचं सासरच्यांचं मी पाहते, म्हणाल्या.

त्याचे ओठ हलले. "जिभंवर येऊन राह्यलंय बाई," तो म्हणाला, "पर बोलवत न्हाई." आणि रडायला लागला. मला त्याची कीव आली आणि त्याच्या थोबाडीत मारावीशीही वाटली.

दिवेलागणीला मी नळी लावली. मग जरा खाली लावली, मग डाव्या अंगाला. पोरीचे डोळे माझ्या तोंडावर होते.

"येतंय ना?"

"कळ जाऊ दे, मग ऐकते," मी म्हणाले.

मोठ्या बाईंनीही ऐकून पाहिलं आणि नळी बाजूला ठेवली. आता होकाराची वाट पाहायचं कारण उरलं नव्हतं. मेलेलं मूल काढायला कुणाचीच परवानगी लागत नाही. आईला वाचवायचं तर अशा वेळी मुलाचं डोकं फोडून त्याला बाहेर काढतात. त्याची हत्यारं वेगळी असतात, आणि पुस्तकात तो सगळा प्रकार अर्ध्या पानात आटपलेला होता. "आज तू," मोठ्या बाई म्हणाल्या. "हे शिकावंच लागतं." त्यांनी क्लोरोफॉर्म दिला. मी ते काम केलं. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

मुलगा होता. आई वाचली. सगळं आवरल्यावर मी बारीक दोरा घेतला आणि त्याचं डोकं शिवायला बसले. मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, मातीतच जायचंय ते." मी म्हणाले, "असू द्या." त्यांनी कंदील उचलून माझ्या जवळ आणून धरला.

सकाळी भावाबरोबर नवरा आला. पोरगाच तो, मिसरूड फुटलेलं, गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेला. काखेत एक गाठोडं.

"कापलं ना बाई? मायनं ऐकल्याबराबर सांगितलं, हे काय इचारायचं झालं? जल्दी कापा म्हनावं. लागलीच निघून आलो, पायीच."

त्याने सासऱ्याकडे पाहिलं. "मामा, तुमी व्हता की हितं." त्यात राग नव्हता, नुसतं न कळणं होतं. बाप उभा होता तिथेच खाली बसला. नवऱ्याला मीच बाजूला नेऊन सांगितलं. ऐकून त्याने गाठोडं माझ्याकडे दिलं, जणू ते आता कुठे ठेवायचं हे मलाच माहीत असणार. आत त्याच्या आईने शिवलेलं झबलं होतं आणि खणाची कुंची, मागे पाठीपर्यंत पडणारी.

पोरीला शुद्धीवर आल्यावर सगळं सांगितलेलं होतं. लेकरू दाखवा, एवढंच ती तेव्हापासून म्हणत होती आणि त्या डोक्यामुळे आम्ही सगळ्या तिला थोपवत होतो. मी मुलाच्या अंगात झबलं घातलं. कुंची चढवली, कपाळावर नीट ओढली, हनुवटीखाली बंद बांधले. टाका एकही दिसत नव्हता. मग मी त्याला नेऊन तिच्या कुशीत दिलं, कपडे तुझ्या सासूबाईंनी शिवून धाडलेत म्हणाले.

तिने खूप वेळ पाहिलं. नाकावरून बोट फिरवलं. कुंचीत बोट घालून गालाजवळची ढिलाई बघितली आणि बंद सोडून पुन्हा जरा आवळून बांधले.

"आत्याबाईनं वाढत्या अंगाची शिवली," ती म्हणाली.