मधली वर्षं

काकू अर्ज शेवटून वाचत. रेसिडेन्सीच्या, म्हणजे नव्या डॉक्टरांच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या, अर्जात परीक्षांचे गुण आधी येतात आणि बाकीचं आयुष्य नंतर. काकू आयुष्यापासून सुरुवात करत. "मार्क कुठे पळून जात नाहीत. आधी माणूस तर भेटू दे," असं त्या म्हणत.

अमेरिकेत वूस्टरजवळच्या एका रुग्णालयात त्या डॉक्टर होत्या आणि नवे डॉक्टर निवडणाऱ्या समितीत सर्वांत जुन्या. राहायला श्रूजबरीत. तिथली मराठी घरं त्यांना काकू म्हणत. त्यांच्या हाताखाली शिकून पुढे त्याच समितीवर आलेला मीही तेच म्हणत असे.

पदवीला पाच वर्षं उलटलेल्यांचे अर्ज पूर्वी संगणकच परस्पर बाजूला काढी. काकूंनी ती चाळणी बंद करायला लावली. एका मुलाने पदवीनंतर काही वर्षं दवाखान्यात दुभाष्याचं काम केलं होतं. ती वर्षं वाया गेली, असं कोणीतरी म्हणालं. काकूंनी विचारलं, "कोणाची? ज्या आजीबाईंना त्याच्यामुळे डॉक्टरचं बोलणं समजलं, त्यांची तर नाही गेली." तो निवडला गेला.

दुसरा नियमही त्यांचाच. उमेदवार ओळखीचा निघाला, की ओळखणाऱ्याने बाहेर जायचं. वशिला हा शब्द त्या शिवीसारखा उच्चारत. तरुणपणी पुण्यात त्यांची हातातली जागा वशिल्याने दुसऱ्याला गेली होती.

मृणाल त्यांच्या शेजारी राहायची. नागपूरची एमबीबीएस, नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आणि सहा वर्षं त्यांच्या शुश्रूषेत गेली. मग काकूंच्या डायनिंग टेबलावर अभ्यास करून तिने इथल्या परीक्षा दिल्या. तिचा अर्ज आमच्याकडे आला, तेव्हा तिच्या सासूबाई पुरणपोळ्या घेऊन काकूंकडे गेल्या.

"तुमचा एक शब्द पुरेल हो."

"तोच एक मला बोलता येणार नाही. आणि पोळ्या निकालानंतर आणा."

बैठकीत मृणालचं नाव आलं. काकू कॉफीचा कप घेऊन बाहेर गेल्या. मी तेव्हा मृणालला ओळखत नव्हतो. सहा वर्षांचा खंड आहे, हाताची सवय सुटली असेल, असं मत पडलं. सासऱ्यांबद्दल तिने लिहिलेली ओळ मी वाचून दाखवली. पण एका ओळीतून माणूस उभा करण्याची हातोटी काकूंची होती. नाव यादीबाहेर राहिलं. काकू परत आल्या. कप भरलेलाच होता.

त्या वर्षी मृणालला कुठेच जागा मिळाली नाही. पुढचं काकूंनीच मला सांगितलं. "ती म्हणाली, तुम्ही आत असता तर? मी म्हटलं, तर मी वशिला झाले असते." मग त्या म्हणाल्या, "त्यावर म्हणते कशी, इट्स ओके काकू, पण व्हायचं होतं ना एकदा."

उन्हाळ्यात काकूंना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. त्यांचं इथे कोणी नव्हतं. मृणाल रोज येऊ लागली. औषधं, आंघोळ, पेज, सगळं तिच्याकडे. माझी तिची ओळख तिथे झाली.

"हे महिने अर्जात काय म्हणून लिहिशील गं?" काकूंनी एकदा विचारलं.

"काहीच नाही. तुमचं नाव घातलं की वशिला!"

काकू हसल्या, आणि हसल्यामुळे त्यांना दुखलं. थंडी पडायच्या आत त्या गेल्या.

पुढच्या बैठकीत मृणालचं नाव पुन्हा आलं. नियमाप्रमाणे मी तेव्हाच बाहेर जायला हवं होतं, पण बसून राहिलो. समिती आता अर्ज शेवटून वाचते. उन्हाळ्यापासूनचे महिने कोरे होते. "इथे काय झालं?" कोणीतरी विचारलं.

उत्तर त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं. मी उठलो आणि बाहेर गेलो.